हवा पिणाऱ्या मासोळ्या: बोडी-तलावाकाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव भंडारा-गोंदियाच्या तलावांच्या पट्ट्यात. एक मोठा मामा तलाव, चार बोड्या (शेतांजवळची लहान तळी) आणि बाकी नजर जाईल तिकडे धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेतं). (बाहेरगावच्या वाचकांसाठी: हा 'मामा' म्हणजे आईचा भाऊ नव्हे, 'माजी मालगुजारी'चं ते लहान रूप. मालगुजार म्हणजे जुने जमीनदार.) मी गावच्या मच्छिमार संस्थेचं वहीखातं सांभाळतो आणि बाजाराच्या दिवशी गरज पडली तर तराजूही धरतो. तिथं शाळेतली पोरं, भाव करायला आलेल्या मावश्या, पुण्याहून सुट्टीला आलेले जावई, सगळे तेच ते प्रश्न विचारतात. दर वेळी उभ्या उभ्या अर्धंच उत्तर देऊन होतं, म्हणून इथे सवडीनं लिहिलं आहे. माशांची नावं दर दहा कोसांवर बदलतात. तुमच्याकडे वेगळं नाव असेल तर तेही बरोबरच.

"मासोळी पान्याबाहेर इतका वेळ जिती कशी राह्यते जी?"

हा प्रश्न बहुतेक वेळा मरळाकडे बोट दाखवून येतो. सकाळी टोपलीत घातलेला मरळ दुपारी घरी नेऊन विळीवर धरला तरी उसळी मारतो. कारण सोपं आहे: तो हवा घेतो. कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या दोन्ही बाजूंना त्याला एकेक पोकळी असते आणि तिच्या आतल्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. मरळ पाण्यावर तोंड काढून हवेचा घोट घेतो, ती या पोकळीत कोंडतो आणि तिथून प्राणवायू थेट रक्तात जातो. अंग ओलं राहिलं, पोकळी ओलसर राहिली, की त्याचं बाहेरही भागतं. कतला किंवा रोहूचे कल्ले मात्र पाण्यातच पंख्यासारखे उघडे राहतात. बाहेर काढलं की ते ओल्या कागदासारखे एकमेकांना चिकटतात आणि मासा थोड्याच वेळात गार होतो.

मरळाला बाजारात भाव जास्त मिळतो त्यामागेही हेच आहे. जिवंत विकता येतो, म्हणून ताजेपणाबद्दल गिऱ्हाईक हुज्जत घालत नाही.

मग मरळ पाण्यात बुडून मरतो, हे खरं की आमची थट्टा?

खरं आहे. मोठ्या मरळाचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. त्याला ठरावीक वेळानं वर यावंच लागतं. जाळं रात्रभर पाण्याखाली राहिलं आणि मरळ खालीच अडकला, तर सकाळी तो मेलेला निघतो. माशाला पाण्यानं मारलं, असं म्हटलं की पोरं हसतात, पण आमच्या ढिवर मंडळींना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मरळ धरणारा जाणता माणूस आधी काठावर बसून पाणी बघतो. बुडबुडा कुठे फुटतो, किती वेळानं फुटतो, हे बघून तो गरी टाकतो. अगदी लहान पिल्लांना हा त्रास नसतो. हवेची पोकळी तयार होईपर्यंत ती कल्ल्यांवरच जगतात.

एप्रिलमध्ये बोडी कोरडी ठाक पडते. पहिल्या पावसात मासे येतात कुठून? आभाळातून पडतात का?

या प्रश्नावर आमच्या पारावर भांडणं झाली आहेत. आभाळातून पडतात म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की काल बांधीत भेगा होत्या आणि आज तिथं वितभर मासोळी वळवळते आहे, तर ती आली कुठून?

जगात कुठेतरी वावटळीनं पाणी आणि त्याच्याबरोबर मासे उचलले जातात, ते दूरवर पडतात, हे होतं. पण क्वचित. आपल्या बांधीतल्या मासोळीसाठी एवढ्या वावटळीची गरज नाही. दोन वाटा आहेत आणि दोन्ही जमिनीवरच्याच.

पहिली वाट चिखलातली. बोडी आटत आली की मरळ गाळात शिरतो. वरचा थर वाळून भेगाळतो, पण हात-दीड हात खाली ओल टिकलेली असते. अंग आणि हवेची पोकळी ओली राहील एवढी ओल पुरते. खाणं नाही, हालचाल नाही, अंगातल्या चरबीवर दिवस काढायचे. मे महिन्यात बोडीचं खोलीकरण करताना कुदळीखाली जिवंत मरळ निघाल्याचं गावोगाव ऐकाल. मी स्वतः पाहिलं आहे. रोजगार हमीच्या कामावर बायकांनी टोपलं टाकून गलका केला आणि त्या दिवशी मातीचं मोजमाप राहिलं बाजूला.

दुसरी वाट वाहत्या पाण्याची. पहिला मोठा पाऊस झाला की तलाव, नाला, बोडी, बांधी सगळं बोटभर पाण्यानं एकमेकांना जोडलं जातं. मासे धारेच्या उलट चढतात. चार बोटं पाण्यात आडवे पडून सरपटतात. मांगूर तर मधला कोरडा तुकडाही ओलांडतो. छातीजवळचे दोन टणक काटे कुबड्यांसारखे जमिनीत रोवायचे आणि शेपटीकडचं अंग वळवत पुढे सरायचं. रात्री, पाऊस चालू असताना, ओल्या गवतातून. बॅटरी घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, फिरणाऱ्यांना हे दिसतं. झोपून राहणाऱ्यांना सकाळी 'आभाळातली मासोळी' दिसते.

माशांची अंडी कोरड्या मातीत टिकतात का, असाही उपप्रश्न असतो. आपल्याकडच्या माशांची नाही टिकत. आफ्रिकेत मात्र किलीफिश नावाचे इवलेसे मासे आहेत, ते असंच करतात. मोझांबिक आणि झिंबाब्वेतल्या पावसाळी डबक्यांत राहणारा एक किलीफिश अंड्यातून निघाल्यावर 14 दिवसांतही वयात येऊ शकतो. डबकं आटायच्या आत मातीत अंडी घालतो आणि मरतो. अंडी पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतात. धानासारखंच म्हणा ना, पीक जातं आणि बी राहतं.

मांगूर आणि शिंगी मरळासारखीच हवा घेतात का?

हवा घेतात, पण मरळासारखी नाही. या सगळ्या पानातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच, तेव्हा जरा पाल्हाळ होईल.

आधी अडचण समजून घ्या. 20 अंशाच्या थंड पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. 30 अंशाला तो साडेसातवर येतो, आणि हा स्वच्छ, खेळत्या पाण्याचा आकडा झाला. आपल्या बोडीत उन्हाळ्यात म्हशी बसतात, पानं कुजतात, तळाशी गाळ. तिथं प्राणवायू यापेक्षा कितीतरी खाली जातो. उलट, त्याच पाण्याच्या वर असलेल्या एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. म्हणजे सुमारे 35 पट माल डोक्यावर आणि मासा खाली दमून बसलेला. वर यायचं ज्यांनी ठरवलं त्यांची सोय झाली. पण प्रत्येकानं हवा साठवायला अंगात वेगळीच जागा शोधली.

मरळाची पोकळी सांगून झाली. मांगुराचं डोकं उघडलं, तर कल्ल्यांच्या वर लालभडक, फांद्या फुटलेलं झुडूप दिसतं. पोवळ्यासारखं. कल्ल्यांच्या कमानींपैकी दुसरीवर आणि चौथीवर ही झुडपं उगवलेली असतात आणि हवेतला प्राणवायू तीच शोषतात. शिंगीनं आणखी वेगळं केलं. तिच्या कल्ल्यांच्या कप्प्यातून दोन लांब नळ्या निघतात आणि पाठीच्या मांसातून मागे पार शेपटीकडे जातात. हवा त्या नळ्यांत भरली जाते.

चालट पाहिला आहे का? सुरीच्या पात्यासारखा चपटा, पाठीला बाक आणि पोटाखालून शेपटीपर्यंत एकच झालरीसारखा पर. तो पोहायच्या हवेच्या पिशवीतूनच श्वास घेतो. वाळूत लपणारे बोटभर पट्टेरी मासे, ज्यांना पोरं चड्डीच्या खिशात घालतात, त्यांच्यातले काही हवा चक्क गिळतात आणि आतड्यातून प्राणवायू घेऊन उरलेली मागल्या दारानं सोडतात. हे वर्गात सांगितलं की पुढची दहा मिनिटं वर्ग आपल्या ताब्यात राहत नाही. आणि घरातल्या काचेच्या टाकीतून कुणीतरी नदीत सोडलेला, अंगावर चिलखत असलेला सकरमाउथ हे काम पोटातल्या जठराकडून करून घेतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आपल्या जाळ्यात आला तर परत पाण्यात टाकू नका. त्याला खाणारं इथं फारसं कुणी नाही आणि जाळी मात्र फाटतात.

डोकं, नळी, पिशवी, आतडं, जठर. माणसाला एक फुफ्फुस मिळालं म्हणून केवढी ऐट!

शिंगीचा काटा लागला तर काय करायचं?

शिंगीच्या छातीजवळच्या दोन काट्यांना विषग्रंथी असतात. आग भयंकर होते, कधी हात खांद्यापर्यंत ठणकतो. जखम धुवा, काटा तुटून आत राहिला असेल तर काढा आणि हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास ठेवा. हे विष उष्णतेनं निकामी होतं, म्हणून ठणका उतरतो. पाणी उकळतं नको, भाजून घ्याल. नंतर दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. श्वास लागला, चक्कर आली किंवा सूज वाढत गेली तर गरम पाण्यात वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. तंबाखू चोळणं, शेण लावणं बंद करा. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एकानं नेमकं तेच केलं आणि काट्यापेक्षा जखम पिकल्यानं जास्त दिवस घरी बसला.

तलावात लाल-केशरी पिल्लांचा गोळा फिरताना दिसतो. कोणाचा?

मरळाचा. आणि जवळच, जरा खाली, आई-बाप असतात. गवत बाजूला सारून मरळ मोकळी जागा करतो, तिथं अंडी तरंगतात. पिल्लं निघाली की नर-मादी दोघं राखण करतात. बेडूक आला, दुसरा मासा आला, माणसाचा पाय आला, तरी अंगावर धावून जातात. आपल्याकडे गरी टाकणारे हा राग ओळखून पिल्लांच्या गोळ्यातच आमिष नाचवतात आणि आई-बाप सहज लागतात. मी नियम करणारा कोणी नाही, पण हा प्रकार मला पटत नाही. दोघं गेले की तो गोळा एका दिवसात दुसऱ्यांच्या पोटात जातो.

मरळाचा लहान भाऊबंद डोक त्याहून पुढचा. त्याचा नर अंडी तोंडात घेऊन बसतो. चिलापीत हेच काम मादी करते. ही मूळची आफ्रिकेची चिलापी 1952 मध्ये भारतात आणली गेली, ती आज जाईल तिथं पसरते. तोंडात पोरं सांभाळणाऱ्याची संख्या वाढणारच.

पहाटे तळ्यातले कतला-रोहू वर येऊन तोंड उघडझाप का करतात? तेही हवा पितात का?

नाही, ते गुदमरतायत. रात्री ऊन नसतं, त्यामुळे पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, उलट स्वतःच वापरतात. म्हणून सूर्योदयाच्या आधी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिलं की आणखी कमी. पाण्याचा अगदी वरचा पातळ थर हवेला लागून असतो, तिथलं पाणी ओढण्यासाठी ही धडपड. त्या दिवशी शेण, खत, कोंडा काही टाकू नका. मोटार लावून तेच पाणी उंचावरून परत पाडा. हे रोजच होऊ लागलं तर मासे जास्त झालेत, काढणी करा.

याच माशांबद्दल दुसरी गंमत: कतला, रोहू, मिरगल साचलेल्या तळ्यात वाढतात पण वीत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना बंदिस्त पाण्यात विवून दाखवलं. आपल्या संस्थेत पिशव्यांतून जी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) येते तिची सुरुवात तिथली. 10 जुलै हा मत्स्य शेतकरी दिवस त्यामुळेच.

वाम म्हणजे पाण्यातला साप ना?

साप नाही, मासा आहे. पाठीवरून उलटा हात फिरवून बघा (हळूच), सुट्या काट्यांची रांगच लागेल. सापाला ती नसते. वाम दिवसा वाळूत रुतून बसते, नाकाचं टोक तेवढं बाहेर. ते लवचीक टोक चाचपत ती रात्री किडे आणि गांडुळं शोधते.

खरा अहिर हा वेगळा मासा. पाठीवर काटे नाहीत, अंग बुळबुळीत. तो नदीत वाढतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो. म्हणजे आपल्या वैनगंगेतून निघालेल्याला प्राणहिता, मग गोदावरी, मग बंगालचा उपसागर. त्याची पिल्लं हाच रस्ता उलटा चढून येतात. मधे बांध आला की रस्ता संपला.

काचेसारखा, आतला काटा दिसणारा मासा कोणता?

चांदा. अंगात रंगद्रव्य जवळजवळ नाही, त्यामुळे पाठीचा कणा आरपार दिसतो. शिकारी माशाला तो नुसतं पाणी वाटतो. दिसायला गरीब, पण दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. शहरातल्या दुकानात याच कुळातले मासे गुलाबी-हिरवे दिसले तर तो रंग सुईनं टोचलेला असतो. घेऊ नका.

नाल्याच्या धारेत दगडाला चिकटून राहणारा मासा?

मळ्या. हनुवटीखाली त्याला चकतीसारखी गादी असते, तिनं तो दगड धरतो. वाहतं पाणी असल्यानं याला प्राणवायूची ददात नाही, अडचण फक्त वाहून न जाण्याची. शास्त्रीय नावातही 'मुल्या' असंच आहे. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839 मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं आणि मराठी कोळ्या-भोयांनी सांगितलेली नावंच लॅटिनात बसवली. 'कोळस' आणि 'खुद्री' हीसुद्धा त्याच यादीतली.

चार वर्षं पाण्याविना जगणारा मासा असतो म्हणतात. आपल्याकडे आहे का?

आफ्रिकेतला फुफ्फुसमासा. पाणी आटलं की चिखलात बीळ करतो, अंगाभोवती चिकट स्रावाचा कोष विणतो आणि निजतो. एरवी काही महिने, पण प्रयोगशाळेत चार वर्षं काढल्याचीही नोंद आहे. त्याला खरोखरीचं फुफ्फुस असतं. आज त्याची भावंडं फक्त आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आहेत.

पण एके काळी होती इथंच! प्राणहितेपलीकडे, आता तेलंगणात असलेल्या मलेरीच्या लाल मातीत त्यांचे दात सापडतात. सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वीचे. 1859 मध्ये भूशास्त्रज्ञ ओल्डहॅम यांनी त्या माशाला सेराटोडस हिस्लोपियानस नाव दिलं, ते नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून. धर्मप्रसाराला आलेला हा माणूस विदर्भभर दगड गोळा करत फिरला आणि 1863 मध्ये नागपूरजवळ नाल्याच्या पुरात बुडून गेला.

नदीच्या अलीकडे, सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावाजवळच्या चुनखडीत ज्युरासिक काळातले मासे मिळाले, अंगावर कौलांसारखे जाड चकचकीत खवले असलेले. आणि वरोऱ्याजवळच्या डोंगरगावला डायनोसॉरच्या शेवटच्या काळातले 'गार' नावाच्या माशाचे अवशेष आहेत. गार आता फक्त अमेरिकेकडे उरला. तोही हवा घेतो, पोहायच्या पिशवीतून, आपल्या चालटासारखाच. म्हणजे कोमट, आटत्या पाण्यात वर येऊन घोट घ्यायची ही रीत या भागात बोडी आणि मालगुजारांच्या कैक कोटी वर्षं आधीपासूनची.

मृगाला मरळाचं पिल्लू गिळलं की दमा जातो का?

हैदराबादला मृगाच्या सुरुवातीला औषध भरलेलं जिवंत मरळाचं पिल्लू गिळायला देतात. आपल्याकडूनही माणसं जातात. दमा बरा होतो याला वैज्ञानिक पुरावा नाही. जायचं तर जा, पण इनहेलर खिशात ठेवा, बंद करू नका. पिल्लं पुरवणाऱ्यांचा हंगाम मात्र चांगला जातो, हे खरं.

आरोग्यवाले टाक्यांत सोडतात ते गप्पी मासे तलावात सोडू का?

टाकी, हौद, बंद विहीर, तिथं ठीक. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, आणि एका मिलनाचं बीज मादी महिनोन्‌महिने अंगात साठवू शकते. म्हणून डब्यातून एकच मादी आणली तरी घराणं सुरू होतं. तोंड वर वळलेलं असल्यानं डासांच्या अळ्याही खाते आणि पाण्याच्या पृष्ठभागावरचा प्राणवायूही घेते. तलावात मात्र नको. डासांची अळी खाणारे गावठी मासे तिथं आधीच आहेत.

'थाई मागूर' आणि आपला मांगूर एकच का?

नाही. तो आफ्रिकेतला, मीटरभराच्याही पुढे वाढणारा, सडकं मांसही खाणारा. भारतात त्याच्या पालनाला बंदी आहे. आपला गावठी मांगूर हातभराच्या आतच राहतो. बाजारात फार मोठा आणि फार स्वस्त 'मांगूर' दिसला तर समजून जा.

रात्री बादलीत ठेवलेला मरळ सकाळी गायब. कुठं शोधू?

आधी मांजराला दोष देऊ नका. मरळ उडी मारतो आणि ओल हुंगत गेल्यासारखा सरपटतो. मोरी, रांजणाखालची ओली जागा, सांडपाण्याचा खड्डा, या क्रमानं बघा. पुढच्या वेळी बादलीत पाणी अर्धंच ठेवा, वर चाळणी आणि चाळणीवर पाटा. हवा जायला फट हवीच, आणि पाणी काठोकाठ भरू नका, वर येऊन घोट घ्यायला त्याला जागा लागते. आमच्याकडचा एक दोन दिवसांनी तुळशीच्या ओट्यामागे, रोज पाणी पडतं त्या चिखलात सापडला. आईनं तो विळीवर घ्यायला नकार दिला. मग बाबांनी त्याला परत तलावावर नेऊन सोडला.